कोरडा शिधा

लक्ष्मीबाई टिळकांचे वडील बाजारातून आलेलं मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेत. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच हे येतं आणि वाचणाऱ्याला हसू फुटतं. मला मात्र तिथे दर वेळी लक्ष्मीबाईंच्या आईची आठवण होते. सोवळं नवऱ्याचं, पण ते सांभाळणारे हात तिचे. धुणं तिचं, उपसणं तिचं, वाळवणं तिचं आणि कुठे काही शिवलंच तर बोलणी खाणंही तिचंच. नाशिकजवळच्या जलालपुरात 1868 साली जन्मलेली मनकर्णिका गोखले ही मुलगी, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, अशा घरात वाढली. माणसाला माणसाचा विटाळ होतो, ही तिथे कुणी शिकवायची गोष्ट नव्हती. आंब्याचा वास आणि कडुनिंबाची चव जशी कळते तशी ती कळत होती.

अकराव्या वर्षाच्या आसपास तिचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. कवी, कीर्तन-प्रवचनांत रमणारा, घरात न टिकणारा, रागीट आणि विलक्षण मायाळू माणूस. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं ते सोडलंच नाही, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. नवरा जिवंत आहे, पण तो आपला उरला नाही, ही बातमी त्यांना कळली. नातलगांनी त्यांना सांभाळलं, जीव देतील म्हणून पाळत ठेवली आणि पोर पोटाशी घेऊन त्या काही वर्षं परक्या छपरांखाली राहिल्या. बहिणीच्या आधाराने पंढरपुरात काढलेले दिवस त्यांनी फार साधेपणाने लिहिले आहेत. म्हणूनच ते वाचवत नाहीत.

टिळकांबद्दल मला इथे एक बोलायचं आहे. त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत, आणि मराठी चर्चमध्ये आजही गायल्या जाणाऱ्या त्यांच्या गीतांत अभंगाची चाल आणि ओवीचा ओघ ऐकला की ते पटतं. पण ज्या बाईने त्यांच्या पायी सगळं सोसलं तिला मागे टाकून ते देवाकडे गेले. सत्य सापडलेल्या माणसाची घाई घरच्यांना कशी चिरडते, हे त्यांच्या चरित्रकारांनी जेवढं लिहायला हवं होतं तेवढं लिहिलं नाही, असं माझं मत आहे. ते लिहिलं लक्ष्मीबाईंनी, आणि तेही नवऱ्यावरच्या अपार प्रेमातून.

तरीही याच टिळकांनी पुढे जे केलं त्यासाठी मी त्यांच्यापुढे हात जोडते. लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या तेव्हा त्या हिंदू होत्या, ब्राह्मण होत्या आणि सोवळ्यात होत्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, शिधा वेगळा. भोवती मिशनची माणसं, त्यातली बहुतेक महार-मांग समाजांतून आलेली. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. तिचा धर्म तिला पाळता यावा याची व्यवस्था त्यांनी स्वतः लावून दिली. ज्या समजुतीतून सुटण्यासाठी आपण घरदार सोडलं, तीच समजूत बायकोच्या चुलीपाशी रोज डोळ्यांसमोर बघायची आणि गप्प राहायचं, हे त्या तापट माणसाला किती जड गेलं असेल!

आणि मग एक दिवस लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला. कुणी उपदेश केला नाही, वाद घातला नाही. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावराजनावरांत जसा फरक दिसतो तसा माणसांतही दिसला असता. तो दिसत नाही. तेव्हा यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि त्या तसं वागू लागल्या. राहुरीला 1900 साली त्यांनी आणि त्यांच्या मुलाने, दत्तूने, बाप्तिस्मा घेतला तो यानंतर.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. लक्ष्मीबाईंनी विटाळ सोडला तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. धर्म बदलला म्हणून मनातली अढी गेली असं घडलं नाही. अढी आधी गेली, ज्या देवाची त्या लहानपणापासून पूजा करत आल्या त्याच देवाला साक्षी ठेवून गेली. उलट धर्म बदलूनही अढी तशीच राहिल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. गोव्यात काही चर्चच्या कोंफ्रारियांत, म्हणजे धार्मिक मंडळांत, कोणी सामील व्हायचं हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आलं. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं, पण उंबरठ्यापाशी थांबलं. म्हणून 'सगळं खापर श्रद्धेवर फोडा' असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही, आणि 'खऱ्या श्रद्धेत भेदभाव नसतोच' असं कुणी म्हणालं की तेही पटत नाही. दोन्ही बोलणी माझ्या आजीला लागू पडत नाहीत.

आजी नगरची. (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडी नगरच.) पहाटे उठून हरिपाठ, तुळशीला पाणी, देवपूजा, एकादशी. ती देवाशी बोलायची तशी इतर कुणाशी बोलताना मी तिला पाहिलं नाही, सिस्टर सोडून. सिस्टर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, इस्पितळात नर्स असलेल्या ख्रिस्ती बाई. त्या आजीला वहिनी म्हणायच्या. दुपारची पाळी संपली की मागच्या दाराने यायच्या आणि पडवीत बसायच्या. दोघींचं बोलणं कधी संपत नसे: सुनांचं, दुखण्याचं, पैशांचं, गेलेल्या लेकरांचं. दोघींचंही एकेक मूल लहानपणी गेलं होतं आणि ते दोघींशिवाय कुणाला आठवत नव्हतं.

मागच्या पडवीच्या खिडकीत एक निळ्या काठाची कपबशी उपडी ठेवलेली असे. ती सिस्टरांची. आजी आतून चहा आणायची आणि वरून, अंतर राखून, त्या कपात ओतायची. चहा पिऊन झाला की सिस्टर स्वतः उठून नळावर कपबशी विसळायच्या आणि खिडकीत उपडी घालायच्या. या सगळ्यात बोलणं कुठे तुटत नसे. दोघींच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की बघणाऱ्याला त्यात काही वावगं आहे असं जाणवूही नये.

आजी द्यायला कधीच कमी पडली नाही. दिवाळीचा फराळ, होळीची पुरणपोळी, सिस्टरांच्या लेकीच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू, सगळं डब्यांतून जायचं आणि पहिला डबा त्यांचा असायचा. पण परतीच्या डब्यात काही यायचं नाही. नाताळात सिस्टरांकडेही करंज्या, शंकरपाळी, अनारसे व्हायचे. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळ असाच फराळाचा असतो. त्यातलं आमच्याकडे काही येत नसे. यायचा तो नारळ, डझनभर केळी, साखरेची पुडी. म्हणजे कोरडा शिधा. न शिजवलेलं, न तळलेलं, त्यांच्या घरचं पाणी न लागलेलं. काय चालतं आणि काय चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एखाद्या नाताळात काहीतरी पाठवलं असणार आणि ते गाईला घातलेलं कळलं असणार. मी मात्र त्यांच्याकडे जाऊन करंज्या खायचे. आजीला ते ठाऊक होतं आणि तिने मला एकदाही विचारलं नाही.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. रोज सकाळी येऊन त्या तिचं अंग पुसायच्या, कूस बदलायच्या, पाठीला झालेल्या जखमा साफ करायच्या. इंजेक्शन द्यायच्या. घरातल्या कुणालाही आजी एवढं हात लावू देत नसे. आणि तहान लागली की आजी सिस्टरांकडे बघायची आणि हळूच आईला हाक मारायची. पाणी आईने द्यायचं. सिस्टर तेवढ्यापुरत्या बाजूला व्हायच्या, तांब्याला वाट करून द्यायच्या आणि पुन्हा जवळ बसायच्या. शेवटपर्यंत हे असंच राहिलं. शेवटच्या क्षणी आजीने त्यांच्या हातचं पाणी घेतलं, असं मला लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. तसं झालं नाही.

पुढे मी सिस्टरांना विचारलं, तुम्हाला राग येत नव्हता? त्या म्हणाल्या, "येत होता की. रोज यायचा. पण राग आला म्हणून माणूस टाकून देता येतं का?" मग बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "कपबशीचं मला काही नाही बाळा. माझ्या लेकीच्या लग्नाला वहिनी आल्या, साडीचोळीचा अहेर केला, मुलीला पोटाशी धरून रडल्या. आणि पंगत बसली तेव्हा उपास आहे म्हणाल्या. बुधवार होता. बुधवारी त्या उपास करायच्या नाहीत, मला ठाऊक नाही का? ते मात्र मी विसरले नाही."

त्या बुधवाराबद्दल मी खूप विचार केला आहे. आजीचं प्रेम खोटं होतं का? नव्हतं. तिची भक्ती ढोंगी होती का? मुळीच नाही. मग कमी काय पडलं? मला असं वाटतं, आजीला द्यायचं ठाऊक होतं, घ्यायचं ठाऊक नव्हतं. देणाऱ्याचा हात वर असतो. आपण कितीही जीव लावून दिलं तरी देताना आपली जागा हलत नाही. दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेलं, त्याच्या हाताने वाढलेलं, त्याच्या भांड्यातलं आपण घेतो तेव्हा ती हलते. आपल्याकडे समाजसुधारणेच्या कितीतरी गोष्टी आम्ही त्यांना काय दिलं याच्या आहेत. लक्ष्मीबाईंनी जो निश्चय केला तो घेण्याचा होता. कुणाच्याही हातचं मी खाईन. म्हणून तो निश्चय वेगळा.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे अचूक ओळखलं होतं. गंगाराम कांबळे हा त्यांच्या पागेतला माणूस. हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला मदत करून चहाचं हॉटेल काढून दिलं. इथवर देणंच झालं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथे स्वतः चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही तो घ्यावा लागला. छत्रपतीने प्रजेतल्या माणसाला चार पैसे द्यावेत यात नवल नव्हतं. त्याच्या हातून कप घ्यावा यात होतं.

इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा वारीवरचा लेखही मला इथे आठवतो. एकाच विठ्ठलाकडे निघालेली एकच दिंडी. दिवसभर एकच नाव घेत चालायचं, आणि जेवायच्या वेळी ब्राह्मण एकीकडे, मराठे दुसरीकडे. इरावतीबाईंना ते सलत राहिलं. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने विचारलं, की तिथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल ना? इतके दिवस कानाशी टाळ वाजत असूनही तिला ही शंका आली. ती यायला नको होती असं कोण म्हणेल?

भेदभाव एकट्या माणसाच्या मनात असतो तेव्हा तो तिथेच मरूही शकतो. तो जगतो नात्यांच्या जोरावर. पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये हिंदू पाहुण्यांनी चहा घेतला आणि पुढे केवढं रामायण घडलं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावं त्यात होती. ग्रामण्य झालं, म्हणजे बहिष्काराचा वाद उभा राहिला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. पण खरी कोंडी झाली ती घरांत. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लेकींच्या माहेरपणात अडथळे आले, सोयरिकी अडल्या. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं ते स्वतःच्या भीतीने नव्हे, एका स्नेह्याच्या घरची अडचण सुटावी म्हणून. त्यांच्या पत्नी रमाबाईंना ते आवडलं नाही आणि त्यांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं. बहिष्कार घालणाऱ्यांना माहीत होतं की रानड्यांसारख्या माणसाला धाक घालून वाकवता येत नाही, मैत्रीकडून वाकवता येतं. आजही असंच चालतं. मुलगा परधर्मातली मुलगी करतो म्हटल्यावर आईवडील सहसा धर्मग्रंथ काढत नाहीत. आजोबांना काय वाटेल, आत्याच्या मुलीचं कसं जमेल, हे काढतात. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते. त्या तीस दिवसांत परक्यांपेक्षा घरच्यांचेच फोन जास्त येतात.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं असं लग्न ठरलं आहे. मुलगा ख्रिस्ती, नगरकडचाच. आमच्या ताईने विरोध केला नाही. ती शिकलेली आहे, मनाने चांगली आहे आणि मुलीवर तिचा जीव आहे. ती एवढंच म्हणाली, "आपण हॉल घेऊ, केटरर आपल्या ओळखीचा आहे, व्हेज ठेवू, म्हणजे कुणालाच अवघडल्यासारखं नको." मला ते ऐकून एकदम सिस्टरांची कपबशी आठवली. केटरर आला की कुणी कुणाच्या घरचं खायचा प्रश्नच येत नाही. दोन्ही घरं एकमेकांसमोर नटूनथटून बसतात, तिसऱ्याच्या हातचं जेवतात, फोटो काढतात आणि आपापल्या चुलीकडे परत जातात. विटाळ आता कुणी म्हणत नाही. गैरसोय म्हणतात, आवडनिवड म्हणतात, वास म्हणतात.

मुलाच्या घरीही सगळं सरळ नाही. त्याच्या आजीला ही सून मनापासून नको होती. ती चर्चला येणार का, मुलांचा बाप्तिस्मा होणार का, असे तिचे प्रश्न आहेत. ताई म्हणाली, बघ, तेही तसेच आहेत. मला हे 'तेही तसेच' मान्य नाही. श्रद्धेपोटी आलेली काळजी दोन्हीकडे सारखी असेल, तिच्यावर बोलता येईल, वाद घालता येईल, वाट काढता येईल. पण त्या आजीच्या मनात आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्याकडे कुणाच्याच मनात असू शकत नाही. पहिल्या भेटीला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती बाई ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन आली आणि ठेवण्याआधी दारातच थांबून तिने विचारलं, "पाणी घ्याल ना आमच्याकडचं?" नातू ओरडला, आजी, काय विचारतेस हे! सगळे हसले, पेले उचलले गेले, गाडी पुढे गेली. पण तो प्रश्न चेष्टेचा नव्हता. तिची आई, तिची आजी किती दारांत किती वेळ उभं राहून तो शिकल्या असतील. ज्याला बाहेर ठेवलं त्याचा अविश्वास आणि ज्याने बाहेर ठेवलं त्याचा दुरावा, हे दोन्ही एका तागडीत टाकून 'सारखंच' म्हणणं हा मला नवा अन्याय वाटतो.

टिळकांच्या नगरच्या घरी बालकवी ठोमरे राहिले होते. घर ख्रिस्ती, हा पोरगा हिंदू ब्राह्मण, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्याला कुणी ख्रिस्ती केलं नाही. तो 1918 साली रेल्वे अपघातात गेला तेव्हा त्या घरातलंच माणूस गेलं. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. या सगळ्याची सुरुवात मला त्या घरातली वेगळी चूल विझली तिथे दिसते. सोवळ्यात वाढलेल्या एका बाईने आधी दुसऱ्याच्या हातचा घास घेतला, म्हणून पुढे तिच्या हातचा घास घ्यायला कुणालाही संकोच वाटला नाही.

ताईशी मी भांडले. हॉल घे, केटरर घे, पण त्याआधी त्यांच्या घरी जेवायला जा, म्हटलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या ताटांत, सगळ्यांनी. ती दोन दिवस बोलली नाही. मग तिने आपणहून मुलाच्या आजीला फोन लावला. त्या बाईला विश्वासच बसेना. व्हेजच करते, हॉटेलातून मागवते, नवी भांडी आहेत, असं काय काय ती भराभर बोलत राहिली. ताईने तिला थांबवलं आणि म्हणाली, "मटण आम्ही खात नाही, तेवढं सोडून तुम्ही दर रविवारी जे करता ते करा. आणि मला लवकर येऊ द्या, भाकरी मी तुमच्याजवळ बसून थापते."